साठ राक्षस, चार नायक आणि एक चिकट ड्रॅगन

पत्र

गेल्या वाढदिवसाला मित्रमंडळींनी वर्गणी काढून मला एक भलामोठा फँटसी बोर्डगेम दिला. त्यात सहा नायक, एक ड्रॅगन आणि सांगाडे, गॉब्लिन, ऑर्क असे राक्षस मिळून साठेक प्लास्टिकचे पुतळे आहेत, सगळे करडे. हौसेने रंग आणले, ब्रश आणले आणि जाहीर केलं की सगळे रंगवून झाल्यावरच खेळायचं. आठ महिन्यांत चार नायक झाले. पाचव्या पुतळ्यावर, म्हणजे चेटकिणीवर, गाडी अडली आहे. तिचे डोळे कितीही वेळा रंगवले तरी ती तिरळीच दिसते. माझा हात थरथरतो. इंटरनेटवर लोकांचे फोटो बघते आणि मग स्वतःचं काम बघवत नाही. मित्रांनी आता ‘कधी खेळायचं?’ हे विचारणंही सोडलंय. नवरा म्हणतो, विकून टाक. त्यात ड्रॅगनला स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला, तो पंधरा दिवस झाले तरी हाताला चिकटतोय. हा छंद माझा नाहीच का?

– करडी फौज

उत्तर

प्रिय करडी फौज,

छंद तुमचा आहे की नाही ते नंतर बघू. आधी येत्या सुट्टीला मित्रांना बोलवा, खोका उघडा आणि खेळा. चार नायक रंगीत, बाकी सगळे करडे, ड्रॅगन बाजूला. पुतळे रंगवलेलेच हवेत असं बोर्डगेमच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. तो नियम तुम्ही स्वतःवर लादून घेतलाय, आणि पत्रातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. साठ पुतळ्यांचा डोंगर एकदम उपसायचा म्हटल्यावर पाचव्याच पुतळ्याला धाप लागणार, त्यात नवल काय?

मित्रांची समजूत निघावी एवढ्यासाठीच हे सांगत नाही. खेळल्याशिवाय रंगवायचा क्रम कळत नाही. दोन-तीन डाव झाले की लक्षात येतं, की सांगाडे जवळजवळ प्रत्येक वेळी पटावर असतात, ऑर्क अधूनमधून येतात आणि एखादा राक्षस अजून खोक्याबाहेरही पडलेला नाही. जे सारखे हातात येतात ते आधी रंगवायचे. शिवाय ज्या गॉब्लिनने तुमच्या नायकाला ऐन मोक्याला आडवा केला, त्याला रंगवताना जी खुन्नस असते ती कुठल्याही व्हिडिओतून मिळत नाही.

खेळण्याआधी एक काम मात्र करा. त्या चार नायकांना वार्निश मारलं नसेल तर मारून घ्या. ॲक्रिलिक रंग वाळला तरी बोटांच्या घर्षणाने आणि तेलकटपणाने झिजतो. पहिली जातात ती तलवारीची टोकं, मग नाक, मग गुडघे. चकचकीत वार्निश मॅटपेक्षा टणक असतं. म्हणून सारख्या हाताळल्या जाणाऱ्या पुतळ्यांना आधी चकचकीताचा एक हात द्यायचा आणि तो पुरता वाळल्यावर वरून मॅटचा. दोन्ही ब्रशने लावता येतात. आणि सगळ्यांना बजावून ठेवा की पुतळा उचलायचा तो बेसला, म्हणजे पायाखालच्या चकतीला, धरून, मुंडक्याला धरून नाही.

आता फोटोंविषयी. तुमचे पुतळे साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचे असणार, असल्या खेळांत बहुतेक तेवढेच असतात. फोनच्या पडद्यावर पुतळ्याचा फोटो भरून दिसतो तेव्हा तो मूळ आकाराच्या जवळजवळ पाचपट असतो, संगणकावर त्याच्याही दुप्पट. बरं, ज्यांचे फोटो सगळीकडे फिरत असतात त्यातले बरेच जण प्रदर्शनासाठी रंगवतात. गेम्स वर्कशॉप या पुतळ्यांचे खेळ बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीची ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा १९८७मध्ये सुरू झाली. तिथे एकेका पुतळ्यावर कित्येक दिवस खर्च होतात आणि तो पुतळा पुढे काचेच्या कपाटात जातो, पटावर नाही. या छंदात म्हणूनच दोन वेगळे दर्जे मानतात: टेबलटॉप आणि डिस्प्ले. तुम्ही टेबलटॉपचं काम हातात घेतलंय आणि मोजताय डिस्प्लेच्या मापाने.

टेबलटॉपची कसोटी सोपी आहे. पुतळा पटावर ठेवा, खेळताना बसता तसं खुर्चीत बसा आणि बघा. हा कोण आहे ते चटकन कळतंय का? शस्त्र, चेहरा आणि कपडे एकमेकांपासून सुटे दिसतायत का? दिसत असतील तर पुतळा झाला. तुमचे चारही नायक या परीक्षेत पास होतील अशी माझी खात्री आहे.

याच न्यायाने चेटकिणीचे डोळे. जरा हिशेब करू. एवढ्या उंचीच्या पुतळ्यात माणूस साधारण पन्नास ते साठपट लहान झालेला असतो. खरा डोळा तीनेक सेंटिमीटर रुंद, म्हणजे पुतळ्याचा झाला अर्धा मिलिमीटर. बुबुळ त्याच्याही निम्म्याहून कमी. मूर्तिकार डोकी आणि हात मुद्दाम थोडे मोठे घडवतात म्हणून किंचित जागा मिळते, इतकंच. हातभर अंतरावरून तिचा तिरळेपणा तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही. डोळ्यांच्या खोबणीत गडद तपकिरी रंगाची नुसती सावली सोडून दिली तरी चेहरा जिवंत वाटतो. बहुतेक फौजा याच युक्तीवर उभ्या असतात.

तरीही डोळे करायचेच असतील (आणि चेटकिणीचे करावेसे वाटणारच) तर क्रम उलटा करा. बरेच जण आधी चेहरा पुरा रंगवतात, मग डोळे करायला जातात, आणि चूक झाली की सगळा चेहरा बिघडतो. डोळे सगळ्यात आधी करायचे. खोबणीत गडद रंग भरा. त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ ओढा, पांढराशुभ्र वापरलात तर ती दचकल्यासारखी दिसेल. मग त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत गडद रंगाची एक उभी रेघ. ती वर-खाली बाहेर गेली तरी काही बिघडत नाही, कारण त्यानंतर त्वचेचा रंग पापण्यांच्या कडेने आत आणत आणत डोळ्याला आकार द्यायचा असतो. ठिपका देण्यापेक्षा रेघ सोपी: ठिपका नेमका तिथेच पडावा लागतो, रेघेला थोडी मोकळीक असते. दोन्ही डोळे समोर बघायलाच हवेत असंही नाही. दोन्ही रेघा एकाच बाजूला सरकवल्या तर ती कुणाकडे तरी कटाक्ष टाकतेय असं वाटतं, आणि तिरळेपणाचा प्रश्नच मिटतो. चेटकिणीला ते शोभतंही.

हात सगळ्यांचेच थरथरतात. थरथर बंद करायची नसते, ती दोन्ही हातांना सारखी वाटून टाकायची असते. पुतळा नुसत्या बोटांत धरू नका; एखाद्या रिकाम्या छोट्या बाटलीच्या झाकणावर चिकटमातीने बसवा आणि बाटली मुठीत धरा. दोन्ही कोपरं टेबलावर आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. आता हात हलला तर पुतळाही त्याच्याबरोबर हलतो आणि ब्रशचं टोक जागेवर राहतं. बारीक रेघ मारताना श्वास सोडत मारा. आणि खाली वाकू नका, पुतळा डोळ्यांसमोर वर आणा, नाहीतर हाताआधी मान बोलू लागेल.

पण खरं सांगू? ज्याला लोक हाताची थरथर म्हणतात तो पुष्कळदा रंगाचा दोष असतो. बाटलीतला रंग तसाच उचलला की तो ब्रशवरून उतरत नाही, ओढत जातो, रेघ तुटते आणि आपण हाताला दोष देतो. रंग दुधाइतका पातळ हवा. पातळ रंगाचा पहिला हात भकास दिसतो, खालचं सगळं दिसत राहतं. तिथे धीर सुटून जाड थर चढवला की चेहऱ्यावरचे बारकावे बुजलेच. दुसरा हात द्या, पिवळ्या-लाल रंगांना तिसराही लागेल. ओली पॅलेट घरीच करा: उथळ डबा, तळाशी ओला स्पंज किंवा टिश्यूच्या घड्या, वर बेकिंग पेपर. मेणकागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. अशा पॅलेटवर रंग तासन्‌तास ओला राहतो. धातूचे रंग मात्र तिथे ठेवू नका. त्यांतली चकाकी सगळीकडे पसरते आणि मग चेटकिणीच्या गालावर चांदीचे कण. त्यांच्यासाठी पाण्याचा पेलाही वेगळाच.

ब्रशबद्दल एवढंच, की सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचा मोह टाळा. त्याच्या दोन केसांवर मावतो तेवढा रंग पुतळ्यापर्यंत पोचण्याआधीच वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, पोट भरलेला आणि टोक नीट जुळणारा ब्रश डोळ्यांनाही पुरतो. रंग मुठीपर्यंत, म्हणजे केस जिथे धातूच्या कडीत जातात तिथपर्यंत, चढू देऊ नका. आणि टोक जुळवायला ब्रश तोंडात घालायची सवय अजून लागली नसेल तर लावून घेऊ नका. काही रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात.

आता खरी फौज. साठ पुतळ्यांना चेटकिणीसारखी वागणूक देऊ नका, त्यांची लायकी नाही. नायकांना वेळ द्या, शिपायांना पद्धत द्या. एका वेळी पाच ते आठ पुतळे घ्या. त्याहून कमी घेतले तर वेळ वाचत नाही, आणि वीस घेतले तर कमरपट्टे रंगवता रंगवता जगण्यावरची वासना उडते. एक रंग उघडला की तो सगळ्यांना लावून मगच पुढचा. शेवटच्याला लावून होईपर्यंत पहिला वाळलेला असतो.

सांगाड्यांपासून सुरुवात करा, ते नवशिक्यांसाठीच जन्माला आले आहेत. आधी कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहिलेला असू शकतो, त्यावर रंग धरत नाही. तलवारी वाकलेल्या असतील तर त्या गरम पाण्यात काही सेकंद बुडवायच्या, मऊ झाल्या की सरळ करायच्या आणि तशाच धरून थंड पाण्यात घालायच्या. वाळले की प्रायमर.

नंतर अंगभर हाडाचा रंग, म्हणजे पिवळसर मळका पांढरा. त्यावर तपकिरी वॉश. वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो उंचवट्यांवर थांबत नाही, फटींत जाऊन बसतो. सांगाड्यावर तो फासलात की बरगड्यांच्या मधली प्रत्येक फट आपोआप गडद होते आणि कवटीचे दातन्‌दात सुटे दिसू लागतात. ज्या कामाला बारीक ब्रशने एक संध्याकाळ गेली असती ते मिनिटभरात होतं. कुठे तळं साचलं तर स्वच्छ, ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशला मात्र हात लावायचा नाही, डागाच्या कडा उमटतात आणि त्या पुसता पुसत नाहीत.

वॉश पूर्ण वाळला की ड्रायब्रश. मोठा, मऊ, गोल ब्रश घ्या. मेकअपचा जुना ब्रश यासाठी झकास. फिकट हाडाच्या रंगात टोक बुडवून तो टिश्यूवर पुसत राहा, टिश्यूवर डाग उमटेनासा होईपर्यंत. आता ब्रश कोरडाच वाटेल. तोच सांगाड्यावरून हलकेच वरून खाली फिरवा. पहिल्या चार-पाच फटकाऱ्यांत काहीच दिसत नाही. मग हळूहळू बरगड्यांच्या धारा, गालफडं आणि बोटांची पेरं उजळू लागतात. घाई करून जास्त रंग घेतलात तर पुतळा पीठ उडाल्यासारखा दिसतो. हाडं, लोकर, साखळी चिलखत, दगड अशा खडबडीत जागांवर ड्रायब्रश खुलतो. गुळगुळीत झग्यावर नको, तिथे तो खरखरीत दिसतो.

मग तलवारीला चांदी, ढालीला एखादा गडद रंग, बेसची कड काळी. झाला सांगाडा. पाच-सहा सांगाडे एक-दोन संध्याकाळी उरकतात, आणि ते पटावर एकत्र उभे राहिले की एकेकाच्या चुका गर्दीत हरवून जातात.

गॉब्लिन आणि ऑर्कसाठी कॉन्ट्रास्ट जातीचे रंग बघा. गेम्स वर्कशॉपने सिटाडेल कॉन्ट्रास्ट २०१९ मध्ये आणले, आर्मी पेंटर या कंपनीचे स्पीडपेंट २०२२ मध्ये आले, आता अनेकांचे मिळतात. फिकट प्रायमरवर एकच हात द्यायचा, उंचवट्यांवर रंग फिका राहतो आणि खाचांत गडद होतो. स्पीडपेंटच्या पहिल्या आवृत्तीवर दुसरा ओला रंग लावला की खालचा रंग सुटून वर यायचा; सुधारित आवृत्तीत तो त्रास कमी केला आहे, तेव्हा जुन्या बाटल्या कुणी देऊ केल्या तर जरा जपून. हे रंग वापरणं म्हणजे फसवणूक असं म्हणणारे भेटतील. त्यांना उरलेले गॉब्लिन रंगवायला द्या.

फोटोंमध्ये आणखी एक गोष्ट भुरळ घालते. धातूचा रंग न वापरता करड्या-पांढऱ्या छटांनी तलवारीवर झळाळी चितारायची. फोटोत ते अफलातून दिसतं, कारण कॅमेरा एकाच जागी असतो. पटावर पुतळा फिरतो, बघणारे चारी बाजूंना बसलेले असतात आणि चितारलेली चमक एकाच कोनातून खरी वाटते. तुमच्या कामाला सरळ चांदीचा रंग त्याहून चांगला.

पटावर रंगाला शोभेपलीकडेही काम असतं. तीर मारणारे गॉब्लिन आणि भाले वापरणारे गॉब्लिन करड्या प्लास्टिकमध्ये एकसारखे दिसतात आणि दर डावात कुणीतरी चुकीचा सरकवतं. एका टोळीचे कपडे गेरूच्या रंगाचे, दुसरीचे शेवाळी, एवढ्याने भागतं. नायकांचे रंग झणझणीत ठेवा, राक्षसांचे मळके. मग गर्दीतही आपला माणूस कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर त्यांचा राग पुतळ्यांवर आहे की आठ महिने अडवलेल्या टेबलावर, हे एकदा विचारून घ्या. सगळं सामान एका मोठ्या ट्रेमध्ये मांडलं की तो उचलून बाजूला ठेवता येतो. मित्रांपैकी कुणाला हौस असेल तर प्रायमर मारलेले दोन सांगाडे हातात द्या. नायक देऊ नका, मैत्री टिकवायची आहे.

राहिला ड्रॅगन. बोर्डगेममधले पुतळे बहुतेक मऊ पीव्हीसीचे असतात, आणि स्प्रेतल्या काही द्रावकांचं या प्लास्टिकशी पटत नाही. प्रायमर वरून वाळल्यासारखा वाटतो पण पक्का होत नाही, चिकटच राहतो. जाड थर, दमट हवा किंवा डबा नीट न हलवणं हीसुद्धा कारणं असू शकतात, पण तसं असतं तर कोरड्या, हवेशीर जागी पंधरा दिवसांत तो बहुधा वाळला असता. आता वाट बघण्यात अर्थ नाही. आधी पोटाखालच्या, न दिसणाऱ्या जागी ब्रशने लावायच्या ॲक्रिलिक प्रायमरचा पातळ हात देऊन दोन दिवस थांबा. चिकटपणा त्याखाली बंद झाला तर तसाच सगळ्या अंगावर लावा आणि पुढे चला. नाही झाला तर रंग उतरवावा लागेल: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवून टूथब्रशने घासायचं. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, जवळपास ज्योत नको, आणि आधी बेसच्या तळाशी थोडं लावून प्लास्टिकला काही होत नाही ना ते बघा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या ॲसिटोनसारख्या द्रावकांनी प्लास्टिक बिघडतं. पुतळा साबणाने धुऊन वाळवा आणि यावेळी प्रायमर ब्रशनेच लावा.

बाकीच्यांना स्प्रे मारायचाच असेल तर आधी एकाच सांगाड्यावर मारून दोन-तीन दिवस थांबा. डबा दोन मिनिटं हलवायचा, वीस ते तीस सेंटिमीटर लांबून, हात सतत फिरता ठेवत, पातळ थरांत मारायचा. घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, आणि पावसाळी हवेत तर नकोच. स्प्रेच्या वार्निशलाही हीच सगळी पथ्यं लागू. दमट हवेत मॅट वार्निश पांढुरकं पडतं.

ड्रॅगन आकाराने मोठा असला तरी रंगवायला चेटकिणीपेक्षा सोपा आहे. खवल्यांवर वॉश आणि ड्रायब्रशच चालतात. तो तुमच्या खेळात शेवटच्या मोहिमेत येत असेल तर तोवर सांगाडे उरकून घ्या.